दोन हत्यारांच्या परवान्यात एकच रायफल: .३०-०६, .३१५ की आजोबांची सेव्हन एमएम?

आमच्या आजोबांच्या रायफलीची सहा काडतुसं आजही तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. पितळ हिरवट पडलंय, एकाच्या बुडाला मीठ फुटल्यासारखे पांढरे ठिपके आलेत. रायफल सेव्हन एमएम माउझर, अक्रोडाचा दस्ता, बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) अजून तेल पाजल्यासारखा सरकतो. वडिलांच्या मागं वारसाहक्कानं ती माझ्या परवान्यावर चढली. पण तिला खायला घालायला माझ्याकडं काही नाही. "कुठली रायफल घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी हा डबा उघडून दाखवतो.

गेल्या दिवाळीत भाचा आला होता, भुदरगडकडचा. शेत डोंगराच्या पायथ्याला, भात आणि वर थोडी नाचणी, खाली ऊस. बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक, घरात आहेच. "मामा, आता थर्टी-ओ-सिक्सच (.३०-०६) घेऊ का? एकदाच घ्यायची, सगळ्याला चालंल अशी." त्याला दोन दिवस बसवून जे सांगितलं, ते इथं सगळं लिहितोय.

पहिल्यांदा काम ठरवा, मग बोअर (नळीचं माप)

आपल्याकडं शिकारीच्या गप्पा फार. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळवीट धरायचे, दाजीपूरचं रान राजांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही काचेआड उभी आहेत. त्या दाजीपूरचंच १९५८ साली अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं देशभरातल्या हौसेच्या शिकारीचा कारभार आटोपला. तेव्हा शिकारीची रायफल घेऊन कोल्हापूर जिल्ह्यात शिकार करता येत नाही, ही गोष्ट उशाला बांधूनच पुढं वाचा.

मग उरतं काय? एक, पीक-संरक्षण. रानडुकरानं उभं पीक लोळवलं तरी बंदूक काढून निघायचं नसतं. आधी वन खात्याकडं अर्ज, पंचनामा, लेखी परवानगी. त्या परवानगीत जागा, मुदत आणि जनावर जे लिहिलंय तेवढंच. मारलेलं जनावर सरकारजमा, त्याची विल्हेवाट खात्यासमोर. मटणाचा विचार डोक्यात असेल तर रायफल घेऊच नका. गव्याचं तर नावच काढू नका. तो कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला. पन्हाळ्याच्या बाजूनं तो शहराच्या वेशीपर्यंत येतो, ऊस तुडवतो, सगळं खरं. पण तिथं फटाका, डबा, कुंपण आणि नुकसानभरपाईचा अर्ज एवढंच आपल्या हातात.

दोन, स्वसंरक्षण. वस्तीवरच्या घरात त्यासाठी बारा बोअर रायफलीपेक्षा कधीही बरी. तीन, ज्यांना परवडतं ते दक्षिण आफ्रिका, नामिबियात जाऊन तिथल्या कायद्यानं शिकार करतात. चार, घरातलं वारशानं आलेलं हत्यार परवान्यावर टिकवणं.

भाच्याचं काम पहिलं. वर्षाकाठी एखाद-दुसरी परवानगी, जनावर तीस ते साठ मीटरवर, तेही बॅटरीच्या उजेडात. हे ठरलं आणि अर्धी चर्चा संपली.

परवान्यात काय बसतं ते बघा

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. आधी तीन चालायची. परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. भाच्याकडं एक बारा बोअर, म्हणजे रायफलीला एकच जागा. "सगळ्याला चालेल अशी" हा त्याचा हट्ट हौसेचा वाटला तरी मुळात कायद्यानंच त्याला तिथं आणून सोडलंय.

आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळं परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून. अर्ज, पोलीस अहवाल, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलपात ठेवायची सोय, आणि गरज का आहे याचा पुरावा. पीक-संरक्षणासाठी सातबारा आणि मागच्या नुकसानीचे पंचनामे जोडा. नुसतं "जनावरांचा त्रास आहे" असं लिहून भागत नाही.

आता बोअर. .३०३ आणि ७.६२ लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसतं आणि उडतं, ती प्रतिबंधित बोअर. म्हणून परदेशी मासिकं ज्याला डोक्यावर घेतात तो .३०८ आपल्याकडं सामान्य परवान्यावर विसरा. त्याचं काडतूस लष्कराच्या ७.६२ बाय ५१ चं जुळं भावंड. गंमत अशी की .३०-०६ ची गोळीही जाडीला तेवढीच. पण तिचं पितळ ६३ मिलिमीटर लांब, लष्करी काडतूस तिच्यात नीट बसत नाही, म्हणून ती चालते. बारा मिलिमीटर पितळानं कायद्याची रेघ ओढली.

काडतूस: खरी निवड इथं होते

.३०-०६ अमेरिकन लष्करानं १९०६ साली घेतलं, नावातला ०६ तोच. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी मध्यम बोअरमध्ये याच्याइतकं सर्वगुणी काडतूस सांगायला जीभ अडखळते. गोळी ११० ग्रेनपासून २२० ग्रेनपर्यंत मिळते. १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८८० मीटरनं निघते. १८० ग्रेनची, पावणेबारा ग्रॅमची, ८२० च्या आसपास. हलकी गोळी हरणासारख्या जनावराला, जड गोळी मोठ्या हाडाच्या जनावराला. १०० मीटरवर झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी पडेल अशी लावून घेतली, तर २०० मीटरवर १८० ग्रेनची गोळी दहा-बारा सेंटिमीटरच खाली येते. नामिबियाच्या माळावर जाणाऱ्यानं डोळे मिटून हीच घ्यावी.

.३१५ म्हणजे आपली देशी, इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीची. बोल्ट ली-एनफिल्डच्या वळणाची, काडतूस मूळ ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आठ एमएम मॅनलिकरवरून आलेलं. तेही एकेकाळी लष्करीच, पण इथल्या फौजेचं नव्हे. इंग्रजांना भीती की फौजेतलं काडतूस चोरून बाहेरच्या बंदुकीत जाईल, म्हणून नागरिकाला वेगळं बोअर. ती भीती दिली इंग्रजांनी, सांभाळली आपण. गोळी २४४ ग्रेनची, जवळजवळ १६ ग्रॅम, नाक बोथट, वेग .३०-०६ पेक्षा बराच कमी. २०० मीटरवर ती फूटभर किंवा जास्तच खाली येते. परदेशी मासिकवाला हसेल. पण पन्नास मीटरवरच्या डुकराला हा फरक कळत नाही. जड, मऊ टोकाची, मध्यम वेगाची गोळी जवळच्या अंतरावर काम चोख करते.

सेव्हन एमएम, म्हणजे ७ बाय ५७ माउझर, इंग्रजी नावानं .२७५ रिग्बी. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर भेट मिळालेली रायफल याच बोअरची. धक्का कमी, नेम सरळ, माझं पहिलं प्रेम. आणि काडतूस? डबा दाखवलाच आहे.

प्रश्न बोअरच्या गुणांचा नाहीच. ज्या दुकानात तुम्ही दोन तासांत जाऊन येऊ शकता, तिथं त्या बोअरचं काडतूस गेल्या दोन वर्षांत किती वेळा होतं, हा खरा प्रश्न. .३१५ ची काडतुसं पुण्याच्या खडकी कारखान्यातून येतात. बुडावर केएफ उमटलेलं असतं. ती बहुतेक परवानाधारक दुकानांत सापडतात. .३०-०६ ची दुकानं मोजकी आणि भाव चढा. रायफल बघायला जाण्याआधी तीन दुकानांना फोन करा आणि रायफलीबद्दल चकार शब्द न काढता फक्त विचारा: मऊ टोकाची काडतुसं आहेत का, किती नग, शेवटचा माल कधी आला. दुकानदार "मागवून देतो" म्हणाला तर ते "नाही" धरा. मी एकदा त्या शब्दावर रायफल घेतली आणि दीड वर्ष पाच काडतुसांवर काढलं. परवान्यावर वर्षाची काडतुसांची मर्यादा असते. ती भरण्याइतका मालही मिळाला नाही.

भाच्याला मी शेवटी .३१५ घ्यायला सांगितलं. काडतूस म्हणून .३०-०६ वरचढ आहे, यात वाद नाही. पण ज्याला वर्षाला चाळीस बार सरावाला मिळतात तो .३१५ वाला, चार बारांवर भागवणाऱ्या .३०-०६ वाल्यापेक्षा नेमाला बरा निघतो. तुमच्या दुकानात .३०-०६ नियमित येत असेल आणि खिसा सोसत असेल, तर माझा सल्ला उलटा धरा.

खांद्याला लावून बघा

दुकानात लोक आधी नळीवरचं नाव वाचतात. ते शेवटी वाचा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून, बोट घालून बघा. दुकानदारानं बघितलं असलं तरी. मग तोंड सुरक्षित भिंतीकडं ठेवून डोळे मिटा, रायफल खांद्याला आणा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच एका रेषेत दिसली तर दस्ता तुमचा. मान लांबवावी लागली, गाल उचलावा लागला, तर तो दुसऱ्याचा.

लांबीची जुनी परीक्षा: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं बूड कोपराच्या खळीत टेकवा; चापावर पहिल्या बोटाचं पेर सहज पोचलं पाहिजे. कारखान्याचा दस्ता साधारण साडेतेरा इंच असतो. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या माणसाला, त्यात थंडीत जागलीला जर्किन आणि वर घोंगडं घेतलं की, तो लांबच पडतो. अर्धा इंच कापून घेणं सोपं; जोडणं कठीण.

वजन रिकामी तीन ते साडेतीन किलो बरं. हलकी रायफल दुकानात गोड वाटते आणि बार उडाला की खांदा काढते. .३०-०६ चा धक्का १८० ग्रेनला चांगलाच जाणवतो. बुडाला रबरी गादी हवी, पितळी पट्टी नको. नळी बावीस ते चोवीस इंच. त्याहून लांब नळी उसाच्या बांधावरून वळवताना अडकते.

चाप: दीड ते पावणेदोन किलोच्या ओढीला तुटावा, काच तडकल्यासारखा. रबर ताणल्यासारखा वाटला तर तज्ज्ञ बंदूक-कारागिराला दाखवा. घरी कानस लावून चाप हलका करणारे महाभाग मी पाहिलेत; त्यातल्या एकाच्या घराच्या तुळईला अजून भोक आहे.

जुनी रायफल घेताना

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. त्यामुळं इथल्या बाजारातली बहुतेक विलायती रायफल तुमच्या वयाची किंवा तुमच्या वडलांच्या वयाची. भाव मात्र नव्या मोटारसायकलीला लाजवणारा. पैसे नावाला द्यायचे की लोखंडाला, ते तपासूनच ठरवा.

बोल्ट काढा, मागून उजेड धरा आणि नळीत बघा. नळीत कोरलेले पिळदार आटे कडेला धारदार दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर ती जुन्या काडतुसांची करणी. काडतूस पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांतल्या रसायनाचा क्षार नळीत बसतो, तो तेलानं जात नाही. आमचे आजोबा बार काढल्यावर नळीत उकळतं पाणी ओतून मग तेल लावायचे, ते उगीच नव्हे. मग नळीचं तोंड बघा. साफसफाईचा गज वर्षानुवर्षं पुढून घातला असेल तर तोंड एका बाजूला झिजतं आणि नेम फाकतो. काडतूस असेल तर गोळीचं टोक नळीच्या तोंडात हलकेच धरून बघायची एक जुनी रीत आहे. मी ती करत नाही. दुकानात भरलेलं काडतूस आणि रायफल एकत्र आणायचंच नाही.

नंतर नोट. दहाची कोरी नोट नळी आणि दस्त्याच्या मधल्या फटीत घालून मागं सरकवा. लाकूड मोकळं ठेवलेल्या रायफलीत ती सरळ चेंबरजवळपर्यंत (काडतूस बसतं त्या जागेपर्यंत) गेली पाहिजे. अडकली तर लाकूड फुगून नळीला टेकलंय. उन्हाळ्यात घेतलेली रायफल गगनबावड्याच्या पावसात नेम बदलते ती यामुळंच. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लाकडाला काय दोष द्यायचा. .३१५ च्या घडणीत मात्र लाकूड नळीला मुद्दाम टेकलेलं असतं, तिथं नोटेची परीक्षा लावू नका. तिथं लाकडाला तडा आहे का आणि पट्ट्यांचे स्क्रू ढिले आहेत का ते बघा.

बोल्टच्या कानांवर, म्हणजे बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या उंचवट्यांवर, दोन्ही बाजूंना सारखी घासण हवी. चेंबर आणि बोल्टमधलं अंतर कारागिराकडून मापकानं मोजून घ्या; जुन्या रायफलीत ते वाढलं असेल तर पितळ फुटून गॅस तोंडावर येतो. शेवटी नंबर. नळी, रिसीव्हर (बोल्ट बसतो तो सांगाडा) आणि विकणाऱ्याचा परवाना, तिन्हीकडचा अंक बोट ठेवून जुळवा. परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर विकणाऱ्यानं निदान ४५ दिवस आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. "आधी घेऊन जा, कागद मागून करू" म्हणणारा माणूस कितीही जवळचा असो, उठून या.

माशी की दुर्बीण

साठ मीटरच्या आत माशीच पुरते. डोळा चाळिशीपुढं गेला की माशी धूसर होते. मग कमी ताकदीची दुर्बीण, चारपट किंवा दीड ते सहा. नऊपट-बारापटवाल्या दुर्बिणीतून तीस मीटरवर डुकराचे नुसते केस दिसतात, डुक्कर कुठं आहे ते कळत नाही. डोळा आणि काच यात आठ-नऊ सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर धक्क्यानं भुवईवर अर्धचंद्र उमटतो. माझ्यावर तो आहे. मी ज्याच्याकडून ती बसवून घेतली त्यानं स्क्रू हातानंच आवळले होते आणि मीही तपासले नाहीत. पट्टी सरकली, दुर्बीण मागं आली, आणि कपाळावरचं रक्त बघून पोरं म्हणाली, डुकरानं मारलं का? सायलेन्सरचा विचार मात्र करूच नका, तो सामान्य परवान्यात बसत नाही.

सराव आणि झिरो

कोल्हापूरला नेमबाजी शिकायला बाहेर जावं लागत नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली; कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. गुडघ्यावर, पालथं, उभं, त्या तिन्ही बैठकी .२२ वर क्लबमध्ये शिकता येतात, आणि तिथं कमावलेला श्वास मोठ्या बोअरला जसाच्या तसा लागू पडतो. मोठ्या बोअरसाठी मात्र तशी परवानगी असलेली रेंजच हवी. क्लबात आणि परवाना शाखेत विचारून घ्या. ओढ्याकाठी भांडं ठेवून झिरो करणं हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही.

झिरोसाठी रायफल वाळूच्या पिशवीवर, हात मोकळा, तीन बार एकाच ठिकाणी धरून. एका बारावरून काही बदलू नका, तिघांचा मध्य काढा. दुर्बिणीचा पाव मिनिटाचा (इथं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक खटका १०० मीटरवर सात मिलिमीटर हलवतो, ५० वर त्याच्या निम्मा. .३०-०६ मी १०० वर झिरो करतो, .३१५ साठ-पासष्टवर. नळी तापू द्यायची नाही; प्रत्येक तीन बारांनंतर चहा. घरी डमी काडतुसावर रोज दहा मिनिटं चाप ओढा. ओढताना माशीच्या टोकावर ठेवलेलं दहा पैशाचं नाणं पडू नये.

आणि ही गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपल्या शिवारात हंगामात उसाच्या फडापलीकडं तोडकऱ्यांच्या खोप्या असतात, रात्री पोरं बाहेर झोपलेली असतात. उसात खसखस ऐकून बार टाकायचा नाही, कधीच नाही. जनावर पूर्ण दिसलं पाहिजे आणि त्याच्यामागं मातीचा चढ असला पाहिजे. भाच्याच्या नाचणीच्या वरच्या तुकड्यात असा चढ आहे. खालच्या उसात नाही. म्हणून परवानगीच्या अर्जात आम्ही वरचाच तुकडा घातला.

पावसाळा आणि पोलीस ठाणं

रेक्झिनचं किंवा फोमचं कव्हर दुकानातून नेण्यापुरतं. घरात रायफल कव्हरमध्ये ठेवली की मृगात बंद केलेली नवरात्रात तांबडी निघते. कोरड्या कपाटात उभी, तोंड खाली, म्हणजे जादा तेल दस्त्यात न मुरता बाहेर येतं. तळाशी जुना टॉवेल. बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. दर पंधरा दिवसांनी तेलाचा बोळा.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायची नोटीस येते. एका वर्षी मी घाईत कव्हरसकट जमा केली आणि परत आली तेव्हा बोल्टवर गंजाचं नकाशासारखं चित्र होतं. चूक माझीच. आता जाडसर ग्रीस लावून, सुती कापडात गुंडाळून नेतो. पावतीवर नंबर, बोअर आणि "दुर्बिणीसह" की "दुर्बिणीविना" हे समोर बसून लिहून घेतो. पीक-संरक्षणाचा परवाना असेल तर जमा करण्यातून सूट मागण्याचा अर्ज नोटीस आल्या आल्या द्या; भात पोटरीत असताना निवडणूक लागली तर पंधरा दिवस उशीर म्हणजे खळ्यावर पेंढाच.